वस्तूकडे पाहण्याची विद्या
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



आजच्या भाषणासाठीं मीं जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनीं किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तैलरंगांत स्थिरचित्र कसें रंगवावें, आणि तें रंगविण्यास प्रौढ माणसानें घरच्या घरीं कसें शिकावें, एवढाच तो विषय. स्थिरचित्र म्हणजे काय हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. शासकीय रेखाकला परीक्षेस जे कोणी बसले असतील त्यांस टेबलावर मांडलेली घागर, तिच्यापाशीं ठेवलेलीं दोन वांगीं आणि मागें सोडलेला चुण्यांचा पडदा आठवत असेल. एलिमेंटरीला वस्तुचित्र व इंटरमिजिएटला स्थिरचित्र असा तो क्रम. परीक्षा संपली आणि प्रमाणपत्र पेटींत गेलें कीं त्या घागरीचा व आपला संबंध सुटतो. तो संबंध पुन्हां जोडावा, आणि तोहि घाईनें उरकून टाकण्यासाठीं नव्हे, तर आठ-पंधरा दिवस एकाच मांडणीपुढें बसण्यासाठीं, अशी शिफारस मी आज करणार आहें.

माझा व्यवसाय चित्रकाराचा नव्हे. मीं जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं. भूमितीबरोबर चित्रकलेचाहि तास मजकडे असे, आणि तैलरंगाचा अभ्यास मीं सेवानिवृत्त झाल्यावर केला. तेव्हां जें सांगावयाचें तें शाळामास्तराच्या पद्धतीनेंच, पायरीपायरीनें सांगतों.

फळें आणि भांडीं रंगविण्याची आवड फार जुनी आहे. इटलींतील पॉम्पेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथील घरांच्या भिंतींवर कांचेच्या भांड्यांत भरलेल्या फळांचीं चित्रें सांपडलीं आहेत. सतराव्या शतकांत हॉलंडमध्यें पीटर क्लास व विलेम हेडा यांनीं न्याहारीच्या मेजावरील पाव, अर्धवट सोललेलें लिंबू आणि कांचेचा पेला एवढ्याच सामग्रीवर कीर्ति मिळविली. परंतु विद्वानांच्या पंक्तींत या चित्रांस मान नव्हता. फ्रान्समधील राजाश्रित अकादमीचे पंडित आंद्रे फेलिबियां यांनीं १६६७ मध्यें चित्रविषयांची जी उतरंड लावून दिली, तींत इतिहास-पुराणांतील प्रसंगांचें स्थान सर्वांत वरचें आणि फळाफुलांचें सर्वांत खालचें होतें. निर्जीव वस्तु चितारण्यास बुद्धि ती काय लागणार, असा त्या पंडितांचा हिशेब होता.

त्याच अकादमीनें १७२८ सालीं झां सिमेओं शार्दां या पॅरिसमधील सुताराच्या मुलास सभासद करून घेतलें, तें स्थिरचित्रांच्या बळावर. या शार्दांचें एक लहानसें चित्र लूव्र संग्रहालयांत आहे. त्याची उंची जेमतेम सव्वा वीत. त्यांत आहे काय? तर पाणी सांठविण्याचें, खालीं तोटी असलेलें एक तांब्याचें उभें पात्र, एक बादली, एक सुरई आणि पाणी काढावयाचें एक लांब दांड्याचें भांडें. आपल्याकडील स्नानाच्या बंबाची आठवण व्हावी असें तें पात्र आहे. राजा नाहीं, सेनापति नाहीं, अप्सरा नाहीं. तरीहि जवळजवळ तीनशें वर्षें लोक त्या भांड्यापुढें थांबून उभे राहतात. हें कशामुळें घडतें याचा उलगडा चित्र पाहून जितका होतो, त्याहून अधिक स्वतः कुंचला हातीं घेतल्यानें होतो.

आतां साहित्याकडे वळूं. तैलरंग हें नांव ऐकून पुष्कळ लोक दबकतात. वास्तविक रंगाची पूड आणि जवसाचें तेल यांपलीकडे त्यांत फारसें कांहीं नसतें. विदर्भांत ज्या जवसाची चटणी घरोघर होते त्याच जवसाचें हें तेल. खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल कितीहि दिवस उघडें ठेवलें तरी ओलेंच राहतें. जवसाचें तेल मात्र हवेंतील प्राणवायु शोषून घेतें आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा चिवट पापुद्रा बनतो. तैलरंग वाळतो असें आपण म्हणतों; पण ओलें धोतर वाळावें तसा तो वाळत नाहीं. धोतरांतून पाणी निघून जातें, तैलरंग उलट हवेंतून कांहीं घेऊन घट्ट होतो. त्याचा हा धर्म ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील नियम पाठ करण्याची गरज उरत नाहीं. ही विद्या केवळ युरोपांतच उपजली असेंहि नाहीं. अफगाणिस्तानांतील बामियानच्या लेण्यांत सातव्या शतकाच्या सुमाराचीं जीं भित्तिचित्रें आहेत, त्यांपैकीं कांहींच्या रंगांत असें वाळणारें तेल होतें, हें २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें आहे. पूर्वीं चित्रकारास रंग स्वतः घोटावा लागे. १८४१ मध्यें जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानें रंग भरण्याच्या कथलाच्या नळीचें पेटंट घेतलें आणि तो खटाटोप संपला.

आरंभीं पांच नळ्या पुरेत. टायटॅनियम पांढरा, लिंबासारखा पिवळा, बाजारांत यलो ओकर म्हणून मिळणारी पिवळी माती, बर्न्ट सिएना नांवाची भाजलेली तांबूस माती, आणि अल्ट्रामरीन निळा. काळा रंग मुद्दामच सांगितला नाहीं. निळा आणि भाजलेली माती एकत्र केलीं कीं काळ्याहून जिवंत असा गडद रंग तयार होतो, आणि त्यांत थोडा पांढरा घातला कीं हवी तशी राखी छटा मिळते. जुने चित्रकार शिशाचा सफेता वापरीत. तो विषारी; म्हणून घरांत, विशेषतः लहान मुलें असतील तेथें, त्याच्या वाटेस जाऊं नये. डुकराच्या राठ केसांचे तीन-चार कुंचले, रंग कालविण्याची एक बोथट सुरी, टर्पेंटाइनची लहान बाटली, थोडें शुद्ध जवसाचें तेल आणि अस्तर दिलेला कॅनव्हास किंवा पुठ्ठा, एवढें झालें म्हणजे दुकान सोडून घरीं यावें. उरलेलें साहित्य स्वयंपाकघरांत आहे.

साहित्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजेड. युरोपांतील ग्रंथकार उत्तरेच्या खिडकीशीं बसावयास सांगतात, कारण त्यांच्याकडे उत्तरेकडून ऊन आंत शिरत नाहीं आणि सावल्या दिवसभर स्थिर राहतात. हा नियम आपल्याकडे आणतांना त्यास थोडी मुरड घालावी लागते. मुंबईंत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारींहि सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो, आणि उन्हाळ्यांतील सकाळ-संध्याकाळ तर तो उत्तरेकडूनच डोकावतो. म्हणून आपल्या प्रांतांत उत्तरेच्या खिडकीचा खरा लाभ आश्विनापासून फाल्गुनापर्यंत मिळतो. एरवीं खिडकीवर पांढरें पातळ कापड सोडावें आणि रोज ठराविक वेळींच बसावें. उजेड एकाच खिडकीचा असावा. दुसरी खिडकी उघडी ठेवली, किंवा वर विजेचा दिवा लावला, कीं एका वस्तूच्या दोन सावल्या पडतात आणि शिकणारा गोंधळतो.

मांडणी साधी असावी. पहिल्या चित्रास एकच वस्तु, मातीचें मडकें किंवा पांढरा कप, पांढऱ्या कापडावर. दुसऱ्या चित्रास पितळेचा तांब्या आणि एक लिंबू. तिसऱ्या चित्रापासून मागें खणाचें किंवा घोंगडीचें कापड आणावयास हरकत नाहीं. फळें निवडतांना त्यांच्या आयुष्याचा विचार करावा. केळें दोन दिवसांत काळवंडतें, पेरू चार दिवसांत पिवळा पडून वास मारूं लागतो. कांदा, नारळ, कवठ आणि लाल भोपळा हे मात्र नवशिक्याचे खरे मित्र आहेत. फ्रान्सचा पॉल सेझान सफरचंदांच्या चित्रांसाठीं विख्यात आहे, पण त्याची काम करण्याची गति इतकी सावकाश होती कीं फळांस ती पुरवत नसे. आपण नाशवंत वस्तु आधीं रंगवावी आणि तांब्या मागाहून. तो कोठेंहि जात नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. शाळेंत मीं एक गोष्ट वर्षानुवर्षें पाहिली. तांब्या टेबलावर ठेवून मुलांस काढावयास सांगितला, तर बहुतेक मुलें त्याचें तोंड लंबगोल काढतात आणि बूड मात्र पट्टीनें आंखल्यासारखें सरळ. तोंड गोल आहे हें त्यांस दिसतें. बूड टेबलावर सपाट बसलें आहे हें त्यांस ठाऊक असतें, म्हणून त्यांचा हात सरळ रेघ ओढतो. प्रत्यक्षांत आपण वरून पाहत असतों, तेव्हां बुडाची कडाहि वक्र दिसते. इतकेंच नव्हे, तर ती आपल्या दृष्टीच्या पातळीपासून अधिक खालीं असल्यामुळें तिचा वांक तोंडाच्या वांकाहून थोडा अधिक भरतो. मुलगा मतिमंद असतो म्हणून चुकतो असें नाहीं. त्याचें ज्ञान त्याच्या डोळ्यांच्या आड येतें. मोठ्या माणसांचें ज्ञान तर याहून अधिक, त्यामुळें त्यांची अडचणहि अधिक. लिंबू पिवळें, तांब्या पितळी, कापड पांढरें अशीं लेबलें आपण प्रत्येक वस्तूस आधींच चिकटवून ठेवलेलीं असतात, आणि कुंचला हातीं आल्यावर आपण लेबल रंगवितों, वस्तु रंगवीत नाहीं.

हीं लेबलें काढून टाकण्याचा उपाय सोपा आहे, पण त्यास धीर लागतो. डोळे किलकिले करून मांडणीकडे पाहावें. असें केल्यानें बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेडाचे व अंधाराचे मोठे भाग तेवढे शिल्लक राहतात. मग स्वतःस विचारावें : यांत सर्वांत उजळ काय, सर्वांत गडद काय, आणि उरलेले भाग या दोहोंच्या मध्यें कोणत्या पायरीवर बसतात? पांच पायऱ्या पुरतात. पहिलें चित्र केवळ भाजलेली माती आणि पांढरा या दोन रंगांतच, त्या पांच पायऱ्यांनीं करावें. येथेंच पहिलें आश्चर्य भेटतें. सावलींतील पांढरें कापड उजेडांतील पिवळ्या लिंबापेक्षां गडद असतें! आपलें मन हें कबूल करीत नाहीं. 'कापड पांढरें आहे' असा त्याचा हट्ट चालूच राहतो. तो हट्ट मोडून जो त्या जागीं राखी निळसर छटा लावतो त्याचें कापड कापडासारखें दिसूं लागतें, आणि लिंबू आपोआप उजळतें. आपल्या प्राचीन ग्रंथकारांस या उजेड-सावलीचें महत्त्व ठाऊक होतें. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत छायांकनास वर्तना असें नांव असून तिचे तीन प्रकार सांगितलेले आहेत.

पितळेच्या तांब्याकडे आलें कीं हा धडा पुरा होतो. घांसलेला तांब्या पाहून नवशिका पिवळा रंग उचलतो आणि सबंध भांड्यावर सारखा फांसतो. चित्रांत पिवळा भोपळा उमटतो. धातूस स्वतःचा असा रंग थोडा, आणि भोंवतालचा उसना फार. त्याच्या पोटावर खिडकी दिसते, टेबलाचें लाकूड दिसतें, शेजारचें लिंबू दिसतें, आणि नीट पाहिलें तर चित्र काढणारा स्वतःहि वांकडातिकडा होऊन त्यांत बसलेला दिसतो. सर्वांत गडद पट्टा बहुधा सर्वांत झगझगीत ठिपक्याच्या अगदीं जवळ असतो; चकाकी उत्पन्न होते ती या शेजारामुळें. तेव्हां तांब्या रंगवावयाचा म्हणजे तांब्यांत काय काय दिसतें तें रंगवावयाचें. गडद भाग आधीं, मधल्या छटा नंतर, आणि खिडकीचा तो पांढरा ठिपका अगदीं शेवटीं, एकदांच, भरघोस रंगानें ठेवून कुंचला उचलावा. त्यावर पुन्हां हात फिरवूं नये.

थरांविषयीं एकच नियम सांगतों. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ व कमी तेलाचा, वरचे थर क्रमाक्रमानें अधिक तेलाचे. कमी तेलाचा थर लवकर घट्ट होतो, अधिक तेलाचा उशिरां. हा क्रम उलटा केला तर वरचा थर आधीं घट्ट होतो, खालचा मागाहून हलत राहतो, आणि कांहीं काळानें चित्रास भेगा पडतात. एक थर वाळण्यास कांहीं दिवस लागतात. दमट हवेंत आणखीहि लागतात. व्हार्निशची घाई करूं नये. पातळ चित्रास सहा महिने, जाड थरांच्या चित्रास वर्ष जाऊं द्यावें. ज्यांस इतकी वाट पाहणें शक्य नाहीं, किंवा टर्पेंटाइनचा वास सोसत नाहीं, त्यांच्यासाठीं १९५० नंतरच्या दशकांत बाजारांत आलेले, पाण्यांत कालविण्याचे ॲक्रिलिक रंग आहेत. ते कांहीं मिनिटांत वाळतात, वाळल्यावर किंचित गडद होतात, आणि कुंचला धुण्यास उशीर केला तर तो कायमचा वाया जातो. ॲक्रिलिकच्या थरावर तैलरंग देतां येतो. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र देऊं नये, तें धरून राहत नाहीं.

एक सूचना गृहिणींनीं आणि गृहस्थांनीं मुद्दाम ऐकावी. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यांत किंवा कचऱ्याच्या डब्यांत टाकूं नयेत. तेल प्राणवायु घेतांना उष्णता उत्पन्न होते. चिंध्यांच्या ढिगांत ती कोंडली कीं कोणीं काडी न लावतांहि आग लागूं शकते. चिंध्या पाण्यांत बुडवून ठेवाव्या, किंवा घराबाहेर एकेक पसरून वाळूं द्याव्या. टर्पेंटाइन वापरतांना खिडकी उघडी असावी, आणि हात साबणानें धुतल्यावांचून जेवावयास बसूं नये.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. छायाचित्र क्षणांत निघतें, आणि तें बिनचूकहि असतें. हा प्रश्न मला योग्य वाटतो, म्हणून त्याचें उत्तर देतों. छायाचित्र घेणाऱ्यास वस्तूकडे क्षणभर पाहिलें तरी चालतें. चित्र काढणाऱ्यास तिच्यासमोर दहा-पंधरा तास बसावें लागतें, आणि त्या तासांत वस्तूचें व त्याचें नातें बदलतें. इटलींतील बोलोन्या या गांवचे ज्योर्ज्यो मोरांदी हे १८९० मध्यें जन्मले व १९६४ मध्यें वारले. आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनीं आपल्या तीन बहिणींसह त्याच गांवीं काढला, आणि त्याच त्या बाटल्या, सुरया व डबे पुन्हां पुन्हां मांडून रंगविले. ते कांहीं वर्षें प्राथमिक शाळांतून चित्रकला शिकवीत असत, हें सांगतांना मला व्यवसायबंधु म्हणून थोडा अभिमान वाटतो. एखाद्या बाटलीकडे मनुष्य पन्नास वर्षें पाहूं शकतो आणि ती बाटली संपत नाहीं, याचा त्यांच्या चित्रांइतका भक्कम पुरावा दुसरा नाहीं.

आपल्या घरांत तर रंगविण्यासारखें किती आहे! पण तें झपाट्यानें नाहींसें होत आहे. पोलादी भांडीं आलीं आणि तांब्यापितळेचीं भांडीं माळ्यावर गेलीं. माळ्यावरून तीं मोडींत गेलीं, आणि वजनावर विकलीं गेलीं. दारावर हांक मारणारा कल्हईवाला शहरांतून आतां क्वचितच दिसतो. मी नव्या भांड्यांच्या विरुद्ध नाहीं. घांसण्याचे कष्ट कोणाचे वांचले हें मला ठाऊक आहे, आणि ते वांचावे हेंच योग्य. परंतु आजीच्या हातच्या घंगाळास पडलेला पोचा, तांब्याच्या कांठावर कोरलेलीं नांवाचीं अक्षरें, पळीच्या दांड्याची झीज, हा एका कुटुंबाचा इतिहास आहे आणि तो कोणत्याहि बखरींत लिहिलेला नसतो. भांडें मोडींत घालण्यापूर्वीं आठ दिवस तें खिडकीशीं ठेवा आणि त्याचें चित्र काढा. चित्र चांगलें उतरेलच असें मी म्हणत नाहीं. पण आठ दिवसांनीं तें भांडें मोडींत घालावयास तुमचा हात सहजासहजीं उठणार नाहीं, इतकें मी खात्रीनें सांगतों.

वयाची अडचण कोणी सांगूं नये. साठीनंतर हात थोडा कांपतो, पण तैलरंग कांपऱ्या हातास क्षमा करणारा आहे. चुकलेला भाग सुरीनें खरवडून पुन्हां रंगवितां येतो, आणि ओला रंग दुसऱ्या दिवशींहि पुष्कळदां हलवितां येतो. लागते ती बैठक, आणि ती तरुणांपेक्षां आपल्यापाशीं अधिक असते. आठवड्यांतून तीन दिवस, रोज दीड तास, एक खिडकी, पांच रंग आणि एक भांडें. एवढ्या भांडवलावर वर्षभरांत आठ-दहा चित्रें सहज होतात. पहिलीं तीन कोणास दाखवूं नयेत. चौथें घरांतील माणसांस दाखवावें, आणि त्यांनीं 'हा आपलाच तांब्या ना?' असें विचारलें कीं प्रगति होत आहे असें समजावें.